नाटकं किती करायची, हे बॅकस्टेजवाल्यांना विचारा

मा. संपादक,

छोट्या हौशी नाट्यसंस्थांनी एखाददुसऱ्या नाटकावर न थांबता चार-पाच नाटकांचा हंगाम आधीच जाहीर करावा, असे आपल्या रविवार पुरवणीतील लेखात सुचवले आहे. सूचना पटली. मात्र सगळी चर्चा ‘कोणती नाटके घ्यावीत’ याचीच झाली. हंगाम बहुधा फसतो तो दोन नाटकांच्या मधल्या दिवसांत, आणि त्या दिवसांबद्दल लेखात अवाक्षरही नाही.

हंगामाचे वेळापत्रक पहिल्या प्रयोगापासून उलटे मोजत यावे. प्रयोग शुक्रवारी असेल, तर बुधवार-गुरुवार या दोन रंगीत तालमी, मंगळवारी तांत्रिक तालीम, सोमवारी दिवे लावून रोखणे (म्हणजे प्रत्येकाचा झोत हव्या जागी वळवून पक्का करणे), आणि त्याआधीच्या शनिवार-रविवारी नेपथ्य उभे करणे. शुक्रवार ते रविवार तीन प्रयोग धरले, तर एका नाटकाला रंगमंच सलग नऊ दिवस लागतो. हा क्रम बदलता येत नाही. भिंत उभी राहिल्याशिवाय तिची सावली कुठे पडते हे कळत नाही, म्हणून नेपथ्याआधी रोखलेले दिवे पुन्हा रोखावे लागतात. नेपथ्य एक दिवस लांबले की दिवे मंगळवारवर जातात, तांत्रिक तालीम गळते आणि पहिली रंगीत तालीम दिव्यांचे क्यू, म्हणजे प्रकाश बदलण्याच्या नेमक्या जागा, बसवण्यात खर्ची पडते. सत्तर क्यू असलेल्या नाटकात एका क्यूला तीन मिनिटे धरली तरी साडेतीन तास जातात. नट पोशाख चढवून ताटकळत उभे, आणि दिग्दर्शक अंधारात ओरडतोय, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

नटांच्या तालमींचे गणित त्यामानाने सोपे आहे. दोन तासांच्या नाटकाला आठवड्यातून तीन संध्याकाळी, दर वेळी अडीच-तीन तास, असे सहा आठवडे म्हणजे साधारण पन्नास तास मिळतात. तिसऱ्या आठवड्याअखेर संहिता हातातून सुटली पाहिजे, कारण एका हातात पुस्तक असेल तर पेला उचलणे, दार उघडणे, पत्र फाडणे यांची वेळ जमतच नाही आणि हालचाली नंतर नव्याने बसवाव्या लागतात. पुढच्या नाटकात वेगळे नट घेतले की दोन नाटकांच्या तालमी एकमेकींवर चढल्या तरी चालतात.

रंगमंचामागची माणसे मात्र दोन्हीकडे तीच असतात. बहुतेक छोट्या संस्थांत नेपथ्य, प्रकाश, ध्वनी आणि प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) मिळून पाच-सहाजणच सगळे ओढतात. दोन नाटकांच्या पहिल्या प्रयोगांत तीन आठवड्यांचे अंतर ठेवले, तर पहिल्या नाटकाच्या रंगीत तालमी चालू असतानाच दुसऱ्याच्या चौकटी ठोकायला घ्याव्या लागतात. पाच-सहा आठवडे ठेवले तर काम सुटते. त्यामुळे वर्षात नाटके किती बसतील याचा आकडा या सहाजणांना विचारूनच ठरवावा. उत्साही कार्यकारिणी नेमके हेच करत नाही.

या मंडळींचे श्रम वाचवण्याचा खरा मार्ग म्हणजे हंगामभर न हलणारी मूळ प्रकाशयोजना. रंगमंचाचे सहा भाग कल्पावेत, पुढे तीन, मागे तीन. प्रत्येक भागावर डावीकडून एक आणि उजवीकडून एक दिवा, दोन्ही वरून सुमारे पंचेचाळीस अंशांत. एका बाजूला उबदार रंगाचे जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद), दुसऱ्या बाजूला थंड रंगाचे. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३०च्या दशकात मांडलेली ही पद्धत लहान मंचावर आजही चोख चालते. असे बारा दिवे कायम ठेवले, की प्रत्येक नाटकाला फक्त सहा-आठ खास दिवे हलवावे लागतात. नेपथ्यानुसार बारा दिव्यांची दिशा थोडी सावरावी लागते, पण टांगण्याचे आणि केबल ओढण्याचे काम वाचते.

फक्त वीज आधी मोजावी. हजार वॅटचे बारा हॅलोजन २३० व्होल्टवर मिळून ५२ अँपिअर ओढतात. १५ अँपिअरच्या एका लाइनवर असे तीनच दिवे चालतात; चौथा लावला तर फ्यूज उडायचा तो भर प्रवेशात, कारण तालमीत सगळे दिवे एकदम पूर्ण तेजावर क्वचितच जातात. ध्वनियंत्रणेला वेगळी लाइन द्यावी आणि तिच्या केबल डिमरच्या (दिव्यांचे तेज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) केबलपासून दूर ठेवाव्यात, नाहीतर दिवा मंद झाला की स्पीकर गुणगुणू लागतो. तापलेला दिवा पडद्याला टेकणार नाही, हेही बघावे. १९०३मध्ये शिकागोच्या इरॉक्वा थिएटरला लागलेल्या आगीत सहाशेवर माणसे गेली; तिची सुरुवात एका आर्क दिव्याने पेटलेल्या पडद्यापासून झाली होती आणि बाहेर पडण्याची कितीतरी दारे बंद होती. आगरोधक द्रावण लावलेला पडदा धुतला की त्याचा गुण बहुधा जातो, हे परीटकामाला पाठवणाऱ्याला माहीत नसते.

नेपथ्यातही तोच न्याय. आठ बाय चार फुटांचे दहा-बारा फ्लॅट (भिंतीसाठी उभ्या करायच्या हलक्या चौकटी), दोन दारांचे, एक खिडकीचा आणि दोन-चार लेव्हल (उंचवटे) एवढ्या साठ्यावर निम्मा हंगाम निघतो. फ्लॅट खिळ्यांनी न ठोकता सुट्या पिनांच्या बिजागऱ्यांनी जोडले तर शेवटच्या प्रयोगानंतर त्याच रात्री दोन तासांत सगळे उतरते. रंगावर रंग चढवत गेले की तिसऱ्या-चौथ्या नाटकाला पोपडे सुटतात. मधे एकदा खरवडायलाच हवे. दार आपटले की अख्खी भिंत थरथरते, त्याला बहुधा टेकू कारणीभूत असतो: तो दाराच्या एकाच बाजूला दिलेला असतो. चौकटीच्या दोन्ही अंगांना तिरके टेकू आणि त्यांच्या पायावर वजन हवे. दार बाहेरच्या बाजूला उघडावे आणि बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या अंगाला असावी. मग उघडे दारच मागचा पसारा झाकते.

एवढे झाल्यावर नाटकांची निवड. एकेक नाटक चांगले असून भागत नाही, ती शेजारी शेजारी बसायला हवीत. जड नेपथ्याची दोन नाटके लागोपाठ नकोत. पंधरा-वीस पात्रांचे नाटक आरंभी ठेवावे, कारण प्रत्येक नट आपली माणसे घेऊन येतो आणि त्यांतले काही पुढच्या नाटकालाही येतात. दोन पात्रांचे, टेबल-खुर्चीवर निभणारे नाटक मधे टाकावे, बॅकस्टेजला दम खायला मिळतो. त्यात एकजण आजारी पडला तर प्रयोग रद्द, एवढा धोका आहे. त्या भूमिकेचे पाठांतर तिसऱ्या कुणाचे तरी हवे.

परवानगीचे काम सगळ्यांत आधी करायचे आणि होते सगळ्यांत शेवटी. बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षे हक्क राहतात, अनेक देशांत त्याहून जास्त. अनुवादित नाटक असेल तर मूळ लेखकाचे हक्क वेगळे आणि अनुवादकाचे वेगळे. मूळ नाटक मुक्त झाले असले तरी अनुवाद मुक्त झालेला असेलच असे नाही. प्रयोगांची संख्या, संहितेत काटछाट आणि चित्रीकरण या तीनही गोष्टी पत्रात लिहून घ्याव्यात. तोंडी होकारावर हंगामाची तिकिटे विकली आणि नंतर नकार आला, तर बदली नाटक हाताशी असावे लागते. म्हणून कमी पात्रांचे, साध्या नेपथ्याचे, परवानगी हातात असलेले एक नाटक जाहीर न करता राखून ठेवावे, आणि त्याचे एक वाचन तरी हंगामाआधी उरकून घ्यावे.

आपला,
रंगमंचामागचा एक वाचक