उलटं वाजवलेलं गाणं लेखातून का वगळलं?

संपादक महोदय,

कालच्या विज्ञान पुरवणीत गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूवरचा लेख वाचला. 'स्वतःचा आवाज कानी पडताच एचव्हीसीतल्या पेशी पेटून उठतात, म्हणजे पक्षी स्वतःला ओळखतो,' असं त्यात ठामपणे लिहिलं आहे. (एचव्हीसी म्हणजे पक्ष्याच्या मेंदूतलं गाण्याशी संबंधित एक केंद्र.) या वाक्यातले दोन्ही भाग चुकीचे आहेत.

पेशींची निवड, म्हणजे त्या कशाला उत्तर देतात हे, आवाजापुरती नसते, स्वरांच्या क्रमावरही असते. हे तपासण्याची पद्धत साधी आहे. पक्ष्याचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं आणि तेच उलटं वाजवायचं. स्वरांच्या पट्ट्या त्याच, लांबी तीच, मोठेपणा तोच. फक्त काळाचा क्रम फिरलेला. सुलट गाण्याला जोरात उत्तर देणारी पेशी उलट गाण्याला जेमतेम दाद देते. काही पेशींना तर गाण्यातल्या 'अ' खंडानंतर 'ब' खंड, असा क्रमच लागतो. एकटा 'अ' किंवा एकटा 'ब' ऐकवला तर त्या जवळपास गप्प राहतात. स्वतःचं, उलटं आणि त्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याचं, अशी गाणी सारख्याच मोठेपणाने, क्रम बदलत, पुन्हापुन्हा ऐकवावी लागतात. एकाच पेशीचं उत्तर दर वेळी कमीजास्त होतं, त्यामुळे एकदा ऐकवून काहीच सिद्ध होत नाही. संशोधक डॅनियल मार्गोलियाश यांनी १९८३ मध्ये व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या गाणाऱ्या पक्ष्यामध्ये ही निवड दाखवली. लेखात उलट्या गाण्याचा उल्लेखही नाही!

आता 'ओळख'. यातली बरीचशी मोजमापं भूल दिलेल्या पक्ष्यांवर झाली आहेत. झेब्रा फिंच हा छोटा गाणारा पक्षी जागा असला की एचव्हीसीचं हेच उत्तर बरेचदा मंदावतं किंवा नाहीसं होतं. भुलेत किंवा झोपेत सर्वांत ठळक दिसणाऱ्या प्रतिसादाला ओळख कसं म्हणायचं? स्वँप स्पॅरो या दुसऱ्या पक्ष्यामध्ये जागेपणीही असा प्रतिसाद मिळाला आहे, हे खरं. पण तेवढ्यावरून 'स्व'पर्यंत उडी मारता येत नाही. शिवाय ही निवड जन्मजात नाही. पिल्लू गाणं शिकत जातं तशी ती घडत जाते. संशोधकांना या पेशींत रस आहे तो मुख्यतः शिकण्यासाठी: स्वतःचं गाणं ऐकून ते दुरुस्त कसं केलं जातं, हा खरा प्रश्न आहे. लेखात त्यावर एक ओळसुद्धा नाही.

आणखी एक. 'गाणारा झेब्रा फिंच' म्हणून छापलेल्या छायाचित्रात गालावर नारिंगी ठिपका नाही, छातीवर काळा पट्टा नाही. ती मादी आहे. झेब्रा फिंचची मादी गात नाही. चित्राची आणि मजकुराची, दोन्ही दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी.

— एक वाचक