वहीतली चूक वाचता आली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शिकवणे रक्तातच असावे लागते, मानसशास्त्राची पुस्तके वाचून कोणी शिक्षक होत नाही,’ अशा अर्थाचे एका वाचकाचे पत्र आपल्या सदरात वाचले. मी प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवते. पत्रलेखकांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत शिक्षकांना हेच सांगितले होते : मानसशास्त्र हे शास्त्र, शिकवणे ही कला, आणि शास्त्रातून कला आपोआप निघत नाही. पण एवढे सांगून ते थांबले नाहीत. पुढे सवय, अवधान, स्मरण यांवर ते शिक्षकांशी भरपूर बोलले. पत्रलेखकांनी हा उरलेला भाग सोडून दिला आहे.

नुकत्याच तपासलेल्या एका वहीतली उदाहरणे देते. ५२ − २७ = ३५, ८१ − ४६ = ४५, ७० − ३४ = ४४. त्याखाली ६५ − २३ = ४२, हे मात्र बरोबर. घाईत तपासले तर तीन फुल्या, एक बरोबरची खूण आणि खाली शेरा : ‘लक्ष देऊन सोडव.’ आता पुन्हा पाहा. मुलाचे लक्ष पुरेपूर आहे. प्रत्येक स्थानी तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे. वरचा कोणता, खालचा कोणता हे तो बघतच नाही. ‘लहानातून मोठा जात नाही’ हे वाक्य वर्गात आपणच तर घोकून घेतो! त्याने त्यातून स्वतःचा एक नियम काढला आणि इमानेइतबारे पाळला. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशाच चुकांचा अभ्यास मांडला. पुष्कळशा चुकांमागे निष्काळजीपणा नसतो, चुकीची पण ठरलेली रीत असते, हे त्यातून दिसले.

एवढे कळले की शिक्षकाचा पुढचा निर्णय बदलतो. ‘सराव कमी पडतोय’ म्हणून आणखी वीस उदाहरणे दिली, तर तीच चुकीची रीत पक्की होणार. मी त्याला ३५ मध्ये २७ मिळवायला सांगितले. ६२ आले. वर ५२ लिहिलेले तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, “बाई, गणितच चुकीचं दिलंय.” मग काड्यांचे गठ्ठे काढले. दशकाचा गठ्ठा सोडून दोन एककांचे बारा कसे होतात, ते त्याने स्वतःच्या हाताने केले, तेव्हा कुठे तो स्वतःचा नियम सोडायला तयार झाला. यात उपजत असे काय आहे? काय शोधायचे हे माहीत असावे लागते, बस्स.

दुसरा निर्णय त्याहून छोटा : प्रश्न विचारल्यावर किती थांबायचे? मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवले की शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तीच वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काय, हे वर्गासमोर उभे राहूनच कळते. पहिल्या बाकावरचा हात तोपर्यंत वर येऊन हलायला लागलेला असतो. अर्थात ‘सात आठे किती?’ याला थांबायचे कारण नाही. ‘हे उत्तर चुकले असेल तर कसे ओळखाल?’ याला थांबलेच पाहिजे. हा फरक करणे हे शिक्षकाचे काम, कोणत्याही प्रयोगातून तो आयता मिळत नाही.

उजळणीचेही तसेच. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचनाची एकच फेरी करून मग तो आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणून मी तासाच्या सुरुवातीला पुस्तक बंद ठेवून मागच्या आठवड्यातले दोन प्रश्न विचारते. गुण देत नाही. (यावरून कोणी आणखी एक चाचणी सुरू करू नये, ही हात जोडून विनंती.)

पण शास्त्राच्या नावाखाली काहीही खपते, हेही खरे. मध्यंतरी एका प्रशिक्षणात मुलांची ‘डोळ्यांनी शिकणारी, कानांनी शिकणारी, हातांनी शिकणारी’ अशी वाटणी करून तक्ते भरायला लावले. अशा वाटणीनुसार शिकवल्याने मुले जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, असे मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच उपलब्ध संशोधन तपासून लिहिले आहे. मी तसे विचारले, तर उत्तर आले, “मॅडम, तक्ता आज जमा करायचाय.” पत्रलेखकांचा राग अशा प्रकारांवर असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे.

प्राणी कसे शिकतात यावरच्या प्रयोगांतले पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर आणि स्किनरचा उंदीर पाठ करून आम्ही पदवी घेतली. या तिघांपैकी एकाचीही वही तपासायची वेळ कधी आली नाही. अध्यापक विद्यालयांच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना म्हणून एक सुचवते. ‘अध्ययनाचे नियम स्पष्ट करा’ हा प्रश्न काढून टाकावा आणि असा घालावा : एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले आहे. त्याने काय विचार केला असेल? त्याला पुढचे कोणते उदाहरण द्याल, आणि तेच का? दहा गुण.

आपली,
एक गणित शिक्षिका