‘ऑब्झर्व्हेशन’ या एका शब्दावर नाकारलेला दावा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
स. न. वि. वि.

मागच्या मंगळवारी विमा कंपनीचं पत्र आलं. माझ्या मुलीच्या हॉस्पिटलच्या खर्चाचा दावा नामंजूर. कारण दोन ओळींत आटोपलं आहे : रुग्णाला केवळ निरीक्षणासाठी दाखल केले होते, उपचार ओपीडीत शक्य होते. आरोग्य विमा असला तरी विमा तुमच्या खात्याकडे येतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मुलगी चोवीस वर्षांची आहे. तीव्र नैराश्य. तीन आठवडे ती धड जेवली नव्हती, आणि एका रात्री ती जे बोलली ते इथे लिहायची माझ्यात ताकद नाही. सकाळी तिला घेऊन गेलो. वॉर्डच्या दारातच सिस्टरने तिची ओढणी, चार्जर, केसांच्या पिना एका पिशवीत घातल्या, पिशवीवर नाव टाकलं आणि यादीवर माझी सही घेतली. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं, ‘कंटिन्युअस ऑब्झर्व्हेशन’. म्हणजे चोवीस तास कुणीतरी तिच्याजवळ बसायचं, तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. असे अकरा दिवस. त्या अवस्थेत जीव याच गोष्टीने वाचतो, महोदया. कंपनीने नेमका तोच शब्द उचलला. फक्त तपासण्या आणि निदानासाठी दाखल झालं तर खर्च मिळत नाही, अशी पॉलिसीत अट असते. माझी मुलगी त्या अटीत कोंबली.

दोन वर्षांपूर्वी याच फॅमिली फ्लोटरवर, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या एकत्र पॉलिसीवर, माझ्या मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली. त्यांनाही रात्रभर मॉनिटर लावून नजरेखालीच ठेवलं होतं. संध्याकाळच्या आत कॅशलेस मंजूर झालं, कुणी एक प्रश्न विचारला नाही. मुलीच्या वेळी टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, माणसाने कागद पाहिले, आवाज खाली आणला आणि म्हणाला, “सायकियाट्रीची केस आहे का?” मग क्वेरीवर क्वेरी. शेवटी १ लाख १८ हजार आम्ही भरले, त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या. दोघंही एकाच पॉलिसीत, हप्ता एकच. बापाचं हृदय चालतं आणि लेकीचं मन चालत नाही?

हे बेकायदा आहे, हे मला वाचून वाचून कळलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. कलम २१(४) म्हणतं की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही प्रत्येक विमा कंपनीने द्यायचा. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना परिपत्रक काढलं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एका रुग्णाच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगावं लागलं. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये आयआरडीएआयला परत मुदत द्यावी लागली, ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसींमध्ये हे संरक्षण आणा म्हणून. संसदेने केलेला कायदा पाळा, एवढं सांगण्यात चार वर्षं गेली! आमचा हप्ता एक दिवस उशिरा गेला तर यांचे मेसेज सुरू होतात.

आता ‘ओपीडीत शक्य होते’ याचं बघू. मुलीला दर आठवड्याला थेरपिस्टकडे जावं लागतं, महिन्याला मानसोपचारतज्ज्ञ, शिवाय गोळ्या. यातला एक रुपयाही मिळत नाही, कारण आमच्या पॉलिसीत ओपीडी नाही. दाखल केलं तर म्हणतात ओपीडीत करायचं, आणि ओपीडीत केलं तर म्हणतात दाखल असायला हवं होतं. आईबापांनी जायचं कुठे? कंपनी सांगेल की शारीरिक आजारालाही ओपीडी नसते. पण मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी यांना चोवीस तास दाखल असण्याची अट तुम्ही सोडलीत ना? कारण ते उपचार तसेच होतात. मनाच्या आजाराचे बहुतेक उपचार तर खुर्चीत समोरासमोर बसून, वर्ष-वर्षभर होतात. ते सोडून फक्त खाटेचं भाडं देणारा विमा ‘त्याच आधारावर’ कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. आपण लाजेला दोष देतो, अंधश्रद्धेला देतो. पण जे लाज गिळून, दार उघडून दवाखान्यात जातात, त्यांना तुमची व्यवस्था काय दाखवते? प्रस्ताव अर्जात आजार लिहावा तर पॉलिसी मिळायची मारामार, आणि न लिहावा तर पुढे ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारायचा. माझी मुलगी परवा म्हणाली, “आई, माझ्यामुळे तुझ्या पाटल्या गेल्या ना?” ज्या आजारात माणसाला आपण ओझं आहोत असंच वाटत असतं, त्या आजाराच्या माणसाला ही व्यवस्था लेखी कळवते की तुझा खर्च नामंजूर आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही काढलात, त्याचं मला खरंच बरं वाटलं होतं. पण हप्ता हलका करून दावा मिळणार नसेल तर काय उपयोग? मानसिक आजाराचा दावा नाकारायचा असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञानेच, केसपेपर वाचून, सहीनिशी आणि सविस्तर कारण देऊन नाकारावा. थेरपी आणि ओपीडीचा खर्च पॉलिसीत सक्तीने आणा. आणि कुठल्या कंपनीने असे किती दावे घेतले, किती नाकारले, ते दरवर्षी जाहीर करा. नावानिशी.

मी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहिलं आहे. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन. पुढच्या महिन्यात पॉलिसीचं नूतनीकरण आहे. मी हप्ता भरणार आहे, याच कंपनीचा, वेळेवर. कारण आता माझ्या मुलीला नवीन पॉलिसी दुसरं कुणी देईल असं मला वाटत नाही, आणि हे कंपनीलाही ठाऊक आहे.

आपली,
एक पॉलिसीधारक आई