वहिनीच्या लग्नाविषयी

पुणे,
8 मार्च 2026

प्रिय आई-बाबा,
सलाम.

फोन केला असता तर आई रडली असती, मी चिडले असते आणि बाबांनी "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवला असता. मागच्या आठवड्यात तसंच झालं ना! म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा. आई मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली तर ती येईपर्यंत थांबा.

वहिनी दुसरं लग्न करायचं म्हणतेय हे मला नाताळातच कळलं होतं. माझ्याकडं दोन दिवस होती तेव्हा बोलली. तुमच्याआधी मला सांगितलं म्हणून रागावू नका. तिला तुमचा धाक आहे, माझा नाही, एवढंच.

आई, तू म्हणालीस, "पाच वर्षांत विसरली माझ्या पोराला." तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. एप्रिल 2021 आठव. ईस्टर 4 तारखेला होऊन गेला होता आणि त्या महिन्यातच दादा गेला. कबरस्तानात आपण तिघंच, त्यातही लांब उभे. पाळकसाहेबांचा आवाज मास्कमधून धड येत नव्हता. आपल्याला मूठभर माती टाकता आली नाही, पण डोळ्यांनी पाहिलं तरी. वहिनी स्वतः पॉझिटिव्ह, घरात कोंडलेली, शेजारी तापलेलं पोर. तिनं नवऱ्याची माती मोबाइलवर पाहिली, तीही नेट अडकत अडकत. ती काय विसरणार?

नंतर लोक आले, "देवाला त्याची गरज होती" म्हणून गेले. मला अजून त्या वाक्याचा संताप येतो. देवाला दादाची कसली गरज? तबला वाजवायला का? गरज आपल्याला होती. वर्षभर मला प्रार्थना जमली नाही हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. चर्चला जायचे, बाकावर बसायचे, गीताचा नंबर काढायचे आणि ओठ मिटून उभी राहायचे.

ईस्टरआधीच्या ह्या लेंटच्या उपवासकाळात बायबलमधलं रूथचं पुस्तक पुन्हा काढलं. चारच अध्याय. लग्नात आपण पहिल्या अध्यायातलं "तुमचे लोक ते माझे लोक" वाचतो आणि आदर्श सून म्हणून रूथचं कौतुक करून मोकळे होतो. यावेळी मी तिच्या सासूकडं, नामीकडं बघत वाचलं. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून मवाबात गेलेली बाई. तिथं नवरा गेला, मग दोन्ही मुलगे. परत आली तेव्हा बायका म्हणाल्या, ही नामीच का? तर ही म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, देवानं मला रिकामी परत आणलं. आई, हे पवित्र शास्त्रात छापलंय, आणि तिला कुणी गप्प केलेलं नाही. देवानंही नाही. आकाशातून वाणी नाही, दूत नाही, काही नाही. सातूच्या कापणीचे दिवस होते, एवढंच लिहिलंय.

पण खरी गंमत तिसऱ्या अध्यायात आहे, जो लग्नात कुणी वाचत नाही. सुनेचं दुसरं लग्न कोण जुळवतं? सासू! न्हा, तेल लाव, चांगली वस्त्रं घाल आणि बवाजच्या खळ्यावर जा, असं नामी स्वतः सांगते. पोटचा मुलगा गमावलेली बाई. तिनं हे सांगताना आतून काय सोसलं असेल ते त्यात नाही, पण तुला कळेल, मला तितकं नाही. आणि शेवटी रूथला मुलगा झाला, तर शेजारणी काय म्हणाल्या? "नामीला मुलगा झाला." बाळ तिनंच उराशी धरलं. त्याच घराण्यात पुढं दावीद, आणि मत्तयानं दिलेल्या येशूच्या वंशावळीत रूथचं नाव.

बाबा, तुमच्या आजीचं तुम्हीच सांगायचात. दुष्काळात आईबाप गेलेलं पोर, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलं, तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकलं. पंडिता रमाबाईंचं तरी काय राहिलं होतं? आईवडील आणि बहीण दुष्काळात, मग भाऊ, 1882 मध्ये नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी बायबलच्या भाषांतराचं काम चालू ठेवलं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते बायबल त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. आपल्या पेटीतली प्रत काढून बघा. त्यातली एखादी ओळ पणजीच्या बोटांखालून गेली असेल. रमाबाई गेल्या 5 एप्रिलला. यंदा ईस्टरही 5 एप्रिललाच आहे.

त्या माणसाला मी भेटले. श्रीरामपूरकडं शाळेत शिक्षक आहेत, बायको कॅन्सरनं गेली. फार बोलत नाहीत. चहा पिताना त्यांनी वहिनीला एकच विचारलं, "ह्यांचा फोटो कुठं लावायचा? माझ्या हिचा हॉलमध्ये आहे, शेजारी जागा आहे." मी उठून उगाच बशा धुवायला गेले.

आई, पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. शिष्य थोमाला त्याच दाखवल्या. तिसऱ्या दिवशी उठला म्हणून जखमा पुसल्या गेल्या नाहीत. वहिनीचंही तसंच समज.

भाचा सोळाचा झाला. परवा त्यानं मला हळूच विचारलं, "आत्या, पप्पांचा तबला आजी काढू देईल का?" कपाटावर चादरीत बांधून ठेवलाय तो. शाई गेली असेल, पुडी बदलावी लागेल. बाबा, तुमची बाजाची पेटीही तेव्हापासून बंद आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद तरी वाजवा त्याच्याबरोबर.

चर्चमध्ये लग्नासाठी नावं पुकारायच्या आधी वहिनीला तुमच्या तोंडून "हो" ऐकायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर ती थांबेल, मला माहीत आहे. म्हणूनच सांगतेय, तिला थांबवू नका.

मी 4 एप्रिलला संध्याकाळच्या गाडीनं नगरला पोहोचते. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात सगळे मिळून जाऊ. ते मास्तरही येऊ का म्हणून विचारत होते. आई, गजरे दोन जास्त सांग फुलवालीला, एक त्यांच्या बायकोच्या नावानं. मेणबत्त्या मी इकडून काचेतल्या आणते, मागच्या वर्षी वाऱ्यानं सारख्या विझत होत्या.

तुमची,
धाकटी