बर्फातल्या हवेला समुद्राचा ताप कसा कळतो

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "हजारो वर्षांपूर्वीचा समुद्र किती गार होता, हे आज कुणी कसं मोजणार?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

अंटार्क्टिकात बर्फाचे थर साचत गेले, तशी त्या-त्या काळची हवा त्यांत बुडबुड्यांच्या रूपात अडकली. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे 21,000 वर्षांपूर्वीचा. तेव्हाची हवासुद्धा हाती लागते. तिच्यात क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू अगदी किंचित असतात. ते सहसा कशाशी संयोग पावत नाहीत. काही हवेत राहतात, काही समुद्रात विरघळतात. पाणी जितकं थंड, तितके जास्त विरघळतात. समुद्र तापला की, कोमट झालेल्या सोड्यातून गॅस निघून जावा, तसे ते हवेत येतात. त्यामुळे बुडबुड्यात नायट्रोजनच्या मानाने ते किती आहेत हे मोजलं, की पृष्ठभागापासून तळापर्यंत साऱ्या महासागरांचं सरासरी तापमान कळतं. मूठभर बर्फात जगभरच्या समुद्राची नोंद! मला अजूनही याचं नवल वाटतं.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर आलं: 20,000 ते 10,000 वर्षांपूर्वीच्या काळात समुद्र सरासरी सुमारे 2.6 अंश सेल्सिअसने तापला. आई, तुला हे थोडं वाटेल. पण एवढं अथांग पाणी तळापर्यंत तापवायला किती उष्णता लागली असेल! कॅनडा आणि उत्तर युरोपावरचे हिमस्तर वितळले, समुद्र 120 मीटरच्या आसपास वर चढला. कोकण किनाऱ्यासमोरची बरीचशी उथळ जमीन तेव्हाच पाण्याखाली गेली.

ही वाढ एकसारखी नव्हती. सुमारे 12,900 वर्षांपूर्वी अटलांटिकचे प्रवाह मंदावले, उत्तरेकडे उष्णता पोचेना आणि युरोप पुन्हा गारठला. नेमका त्याच सुमारास, जवळपास 700 वर्षं, एकूण समुद्र मात्र झपाट्याने तापत होता. याचं पूर्ण स्पष्टीकरण 2018 च्या त्या अभ्यासात मिळालं नव्हतं, आणि मला याच कोड्याने धरून ठेवलंय.

आज माणसाने वाढवलेल्या उष्णतेतला 90 टक्क्यांच्या आसपास वाटा समुद्रच पोटात घेतोय. तो पुढे कसा वागेल हे समजायला मागचा हिशोब चोख हवा. एकदा वितळवलेला बर्फाचा नमुना परत मिळत नाही, त्यामुळे घाई करता येत नाही. म्हणूनच यंदा गणपतीला येणं जमणार नाही. रागावू नका. बाबा, गोळ्या वेळेवर घ्या. मे महिन्यात येते.

तुमची,
मनू