गुलमर्गला भेटलेल्या सुभेदार काकांना

सुभेदार काका,
सा. न. वि. वि.

गुलमर्गहून स्की शिकून परतून बरेच दिवस झाले. नडगीवरचे वळ गेले, राग मात्र अजून गेलेला नाही. तो आधी ओकून टाकल्याशिवाय तुमचे आभार नीट मानता येणार नाहीत, म्हणून तेवढं ऐकून घ्या.

सहलीवाल्यांनी पाठवलेल्या यादीत ठळक अक्षरांत होतं : थर्मल घोट्यापर्यंत पूर्ण लांबीचे, लोकरी मोजे एकावर एक दोन जोड. ठाण्यातल्या दुकानदाराने त्यावर कडी केली, ‘काश्मीर आहे मॅडम, जाडातले जाड घ्या.’ गुलमर्गमध्ये बूट भाड्याने देणाऱ्याने माझ्या पायांकडे नाही, मोज्यांकडे पाहिलं आणि 26 नंबरचा बूट समोर टाकला. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, इतका साधा हिशोब आहे तो. माझं पाऊल 24 सेंटिमीटरचं. मोजायला असा कितीसा वेळ लागला असता?

मग ठणका सुरू झाला. बाहेरून कडक प्लॅस्टिक, आत गुडघे वाकवून सगळा भार नडगीवर टाकायचा, आणि नेमकं तिथेच थर्मलचा जाड काठ, त्याची शिवण आणि दोन मोज्यांच्या चुण्या. बूट मोठा म्हणून पाय आत हलायचा, हलतो म्हणून बकल आवळायचं, आवळलं की बोटं बधिर. शिकवणाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, ‘स्की बूट है मॅडम, दर्द तो होगा.’ सहलीच्या म्होरक्याने मनाच्या शक्तीवर दोन शब्द ऐकवले. बूट काढून दाखव, असं एकालाही सुचलं नाही.

तुम्ही तर आमच्या सहलीतलेही नव्हतात. हॉटेलचा जिना मी कठड्याला धरून आडवी आडवी उतरत होते, ते तुम्ही चहा पिता पिता पाहिलंत आणि थेट विचारलंत, ‘नडगी का घोटा?’ दुसऱ्या दिवशी सकाळी बूटवाल्याच्या दुकानात हजर. बर्फाच्या चिखलाने ओल्या झालेल्या फरशीवर गुडघा टेकलात आणि म्हणालात, ‘हितं ठेव पाय.’ मी पाय मागे ओढला. वडिलांच्या वयाच्या माणसाने माझ्या पायाला हात लावायचा? तर तुम्ही हसलात. ‘पलटणीत पोरांचे पाय रोज बघायचो. लाजायचं काय त्यात?’

वळ पाहिलेत आणि म्हणालात, ‘दुखत असणारच की.’ काका, त्या तीन शब्दांनीच माझे डोळे भरून आले. तोवर सगळ्यांनी मला नाजूक ठरवून टाकलं होतं.

पुढे काकूंच्या पिशवीतली कात्री आली. मी थर्मल वर दुमडू पाहत होते, तर ‘दुमडलं की त्याचंच कडं होतंय’ म्हणून तुम्ही बुटाच्या वरच्या काठापासून चार बोटं वर मोजून थर्मलचे दोन्ही पाय पोटरीवर कापून टाकलेत. नव्याकोऱ्या थर्मलवर कात्री चालताना बघून दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जाड मोजे गेले, गुडघ्यापर्यंतचा पातळ मोजा आला, काकूंनी स्वतःचा दिलेला. ‘आत पाय आन् एक मोजा. तिसरं काय न्हाई.’ मला थंडीची धास्ती, तर म्हणालात, ‘पाय मोजा गरम ठेवत न्हाई पोरी, रगात ठेवतं. ते वाहू दे.’ बूटही तुम्हीच बदलून घेतलात. कोणत्या आवाजात, ते इथे लिहीत नाही.

पण मला आठवत राहतो तो तुमचा अंगठा. मोजा चढवल्यावर तुम्ही घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नडगीवरून अंगठा फिरवलात. एका ठिकाणी थांबलात, बारीकशी चुणी होती, ती ओढून सपाट केलीत. पुन्हा खालून वर अंगठा. पावसाळ्यात शाळेत जाताना आई मोजे असे ओढून द्यायची. त्यानंतर माझ्या मोज्याकडे कोणी इतकं लक्ष दिल्याचं आठवत नाही.

नंतर कळलं की लष्कराच्या गुलमर्गच्याच शाळेत तुम्ही बर्फावर चालायला शिकलात. 1948 मध्ये स्की शिकवायला सुरू झालेली ती शाळा आज हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून ओळखली जाते, हे मी घरी येऊन वाचलं. जिथे हिमदंशाने बोटं जातात, तिथे जोडीदाराचे पाय तपासणं ही भलाई नसते, कामच असतं. मान्य. पण काका, तुम्ही निवृत्त आहात. काकूंना बर्फ दाखवायला आला होतात, आणि एका अनोळखी बाईच्या पायापुढे तुमची सकाळ गेली. आपल्याकडे सल्ला द्यायला माणसं पैशाला पासरी मिळतात. खाली वाकून बघणारी फार थोडी. ती बहुतेक जिथे पगार घेऊन बघणारे बसलेले असतात, तिथे नसतात.

त्या दिवशीही मी पडलेच, भरपूर पडले. पण पडत होते ती स्कीमुळे, बुटामुळे नव्हे. शेवटी गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वरच्या कोंगडूरी टप्प्याला गेले आणि तिथल्या उतारावर न थांबता खालपर्यंत आले. खाली टाळ्या वाजवायला शिकवणारा उभा होता, त्याचाही मी मान राखला.

काकूंना सांगा, थर्मलचे कापलेले तुकडे त्यांनी फेकू दिले नाहीत ते बरं झालं. मनगटात चढवले की हातमोजा आणि बाही यांच्यामधून बर्फ आत शिरत नाही. त्यांचा मोजा धुऊन ठेवलाय, पत्ता कळला की जोडी पाठवते. निघताना गाडीवाल्याने इतकी घाई केली की तुमचा नंबर घेणं राहून गेलं. तुम्ही साताऱ्याचे, एवढंच ठाऊक. सातारकरांपैकी कोणी ओळखलं असेल, तर हे काकांना वाचून दाखवा.

सहलीवाल्यांना यादी दुरुस्त करायला मी लेखी कळवलं. उत्तर आलं, ‘प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो.’ दोन जोड मोजे अजून तिथेच आहेत. पुढच्या हिवाळ्यात तुम्हीच एकदा त्यांच्या कार्यालयात जाऊन या काका, त्याच आवाजात.

आपली,
ठाण्याची, 24 नंबरच्या पायाची