रणजी करंडकाचा हंगाम अखंड खेळवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्वेन्टी-२० मुळे कसोटी क्रिकेट संपत चालले आहे का, या प्रश्नावर वर्तमानपत्रांतून वारंवार चर्चा होते आणि बहुतेक वेळा ती प्रेक्षकांच्या आवडीनिवडीपाशी येऊन थांबते. कसोटीला प्रेक्षक उरलेला नाही, असे मला वाटत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात भारताच्या इंग्लंडमधल्या पाचही कसोटी पाचव्या दिवसापर्यंत चालल्या, मँचेस्टरला दुसऱ्या डावात शून्यावर दोन गडी बाद झाल्यानंतर आपल्या फलंदाजांनी १४३ षटके खेळून सामना वाचवला आणि ओव्हलवर अवघ्या सहा धावांनी विजय मिळवून मालिका बरोबरीत सोडवली. ते पाहायला घराघरांत माणसे बसली होती. माझी चिंता वेगळी आहे. १४३ षटके खेळून काढणारे खेळाडू जिथे घडतात, त्या रणजी करंडकाचे, म्हणजे राज्य संघांच्या अनेक दिवसांच्या सामन्यांच्या स्पर्धेचे, आपण काय करत आहोत, याविषयी हे पत्र आहे.

२०२४-२५ पासून रणजी करंडकाचा हंगाम दोन तुकड्यांत खेळवला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाच फेऱ्या, मग सय्यद मुश्ताक अली करंडकाचे ट्वेन्टी-२० सामने, त्यानंतर विजय हजारे करंडकाचे एकदिवसीय सामने, आणि जानेवारीच्या अखेरीस पुन्हा लाल चेंडू, म्हणजे रणजी. उत्तरेकडील धुक्यामुळे डिसेंबर-जानेवारीतील सामने वाया जातात, हे त्यामागचे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नाही. परंतु त्या बदलाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे विदर्भाच्या उदाहरणावरून पाहावे. १८ जानेवारी २०२५ रोजी विदर्भाचा संघ वडोदऱ्यात विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना खेळला आणि २३ जानेवारीला रणजीचा दुसरा टप्पा सुरू झाला. दोन महिने या छोट्या सामन्यांत पांढऱ्या चेंडूवर हात मोकळे सोडून खेळलेल्या फलंदाजाने चार-पाच दिवसांत ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून देण्याची सवय पुन्हा अंगी आणायची, आणि चार षटकांत काम उरकणाऱ्या फिरकीपटूने दिवसाला तीस षटके टाकायला सिद्ध व्हायचे. त्याच विदर्भाने पुढे रणजी करंडक जिंकला, हे कोणी निदर्शनास आणून देईल. तो त्या संघाच्या गुणवत्तेचा पुरावा आहे, वेळापत्रकाचा नव्हे.

रणजीचा तो अंतिम सामना नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर ज्यांनी पाहिला, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पहिल्या सकाळी विदर्भाची अवस्था ३ बाद २४ झाली. तिथून दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या मुलाने करुण नायरच्या साथीने २१५ धावांची भागीदारी केली आणि स्वतः १५३ धावा काढल्या. प्रतिस्पर्धी केरळने ३४२ पर्यंत मजल मारली. त्यांतील ७९ धावा आदित्य सरवटेच्या होत्या, जो त्याच हंगामात विदर्भ सोडून केरळकडे गेला होता. विदर्भाची पहिल्या डावातील आघाडी ३७ धावांची. सामना अनिर्णित राहिला आणि करंडक त्या ३७ धावांवर ठरला. अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात तर गुजरातच्या ४५५ धावांना केरळच्या ४५७ धावा पुरल्या. शेवटच्या फलंदाजाचा जोरदार फटका शॉर्ट लेगवरच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून स्लिपमध्ये झेलला गेला, आणि केरळ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचले. पाचव्या दिवशी, दोन धावांच्या फरकाने. असा थरार चाळीस षटकांत मावत नाही, कारण त्याच्या मागे चार दिवसांची वाट पाहणे असते.

त्या हंगामात हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकीपटूने ६९ बळी मिळवून एका रणजी हंगामातील बळींचा विक्रम मोडला. इतके बळी घ्यायला एकाच फलंदाजाला एकामागून एक षटके टाकावी लागतात, त्याला दोन निर्धाव षटकांत अडकवून तिसऱ्या षटकात चेंडू किंचित वर सोडावा लागतो, मार खाल्ला तरी पुन्हा तिथेच टाकण्याचे धैर्य ठेवावे लागते. ट्वेन्टी-२० मध्ये फिरकीपटूला हे शिकायला वेळच मिळत नाही. तिथे चेंडू सपाट आणि वेगात टाकून धावा रोखणे हीच त्याची उपयुक्तता ठरते. फलंदाजाचेही तसेच. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच देशात ३-० असे हरवले. पुण्यात त्यांचा फिरकीपटू मिचेल सँटनर याने तेरा बळी घेतले, आणि वानखेडेवर १४७ धावांचे लक्ष्य असताना आपण १२१ धावांत बाद झालो. खेळपट्ट्यांचा दोष होताच, तरीही फिरणाऱ्या चेंडूसमोर तासन् तास उभे राहण्याचा सराव सुटल्याचे लपले नाही. विराट कोहली २०१२ नंतर रणजीचा सामना खेळला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळाने देशांतर्गत सामने खेळणे बंधनकारक केल्यावर. त्या दिवशी दिल्लीच्या मैदानावर रणजी सामन्याला सहसा न दिसणारी गर्दी झाली होती, हेही येथे नोंदवावेसे वाटते.

पैशाचा प्रश्न टाळून हा विषय पुढे नेता येणार नाही. रणजीत नव्याने आलेल्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. साखळीतील सात सामने, म्हणजे अठ्ठावीस दिवस तो अंतिम अकरात खेळला, तर ११ लाख २० हजार रुपये होतात. आयपीएलच्या लिलावातील सर्वांत कमी मूळ किंमत ३० लाख रुपये आहे, मग तो खेळाडू एकही सामना न खेळता बाकावर बसला तरी. अशा स्थितीत गावाकडून मुलाला अकादमीत पाठवणाऱ्या आईवडिलांनी त्याला षटकार मारायला शिकवा असा आग्रह धरला, तर त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आयपीएलने लहान गावांतल्या शेकडो मुलांच्या घरी पैसा आणला, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. परंतु २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकणाऱ्या मंडळाला रणजीचे मानधन वाढवणे अशक्य नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून रणजी खेळाडूंना मंडळाच्या मानधनाइतकीच रक्कम स्वतःच्या तिजोरीतून देण्याचा निर्णय जाहीर केला होता. विदर्भ आणि महाराष्ट्र या संघटनांनीही तसे करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वेळापत्रकासाठी नवे काही शोधायला नको. २०२३-२४ मध्ये मुश्ताक अली आणि हजारे हे दोन्ही करंडक डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपले आणि रणजी जानेवारीपासून मार्चपर्यंत सलग खेळवली गेली. तिचे दहा आठवडे फार घाईचे होते. दोन सामन्यांमधील तीन दिवसांच्या विश्रांतीत शरीर सावरत नाही, ही मुंबईचा गोलंदाज शार्दूल ठाकूर याची जाहीर तक्रार रास्त होती. म्हणून तोच क्रम ठेवून रणजी डिसेंबरच्या मध्यापासून सुरू करावी, फेऱ्यांमध्ये अंतर वाढवावे आणि उत्तरेतील संघांचे जानेवारीतील सामने दक्षिणेत व पश्चिमेत ठेवावेत. धुक्याची अडचण त्याने बऱ्याच अंशी दूर होईल. आयपीएलच्या लिलावापूर्वी मुलांना ट्वेन्टी-२० सामने मिळावेत, ही अपेक्षाही या क्रमात पूर्ण होते.

शेवटची विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे. पूर्वी मराठी दैनिकांत रणजीचे आणि मुंबईच्या कांगा लीग या क्लब स्पर्धेचे धावफलक बारीक अक्षरांत का होईना, पण छापले जात, आणि आपले नाव पेपरात आले याचा आनंद त्या मुलांना वर्षभर पुरत असे. आज आयपीएलच्या लिलावाला पूर्ण पान मिळते आणि रणजीतील शतकाला दोन ओळी. येत्या हंगामात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघांच्या सामन्यांचे पूर्ण धावफलक, गोलंदाजीच्या पृथक्करणासह, आपण रोज छापावेत.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर